डिझेलवाले साहेब

आमच्या घरात संध्याकाळी जेवायला कधी बसायचं हे घड्याळ ठरवत नसे, जीप ठरवत असे. टेकडीखालच्या वळणावर माझ्या धाकट्या भावाने तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला की इंजिन एकदा खोकायचं आणि मग वरच्या सुरात चढाला लागायचं. खिडकीपाशी बसलेले बाबा मान वर करून म्हणत, "आला खटक्या." मग उठून हात धुवायला जात. तोवर मी कितीही बडबडले, ताट पुढ्यात आदळलं, तरी ते घासाला शिवत नसत. "पोर रस्त्यावर आहे आणि मी इथे गिळत बसू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

खटक्या हे नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी जीपमध्ये बसवलं की दिवे, वायपर, हॉर्न, दिसेल तो खटका हा दाबून बघायचा. आता कानशिलावरचे केस पिकले, पोट सुटलं, तरी खटक्या तो खटक्याच. बाबा धरणाच्या खात्यात ड्रायव्हर होते. ज्या जीपवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली ती खात्याने मोडीत काढली, तेव्हा ते तिला घरी घेऊन आले. आई म्हणाली होती, "मला वाटलं रिटायर झालात की सवत सुटेल, तर तुम्ही तिला घरातच आणून बसवलीत." पुढे आई गेली आणि सवत राहिली.

मी या घरातली थोरली. पुढच्या खोलीत बसून गाड्यांची सीटकव्हरं आणि कॅनव्हासची टपं शिवते. सुई जाड, दोरा जाड, आणि लोक म्हणतात जीभही तशीच. म्हणोत बापडे.

बाबांच्या डोक्यातली माणसं गेल्या काही वर्षांत एकेक करून उतरून चालली होती. आधी शेजारी उतरले, मग मावशी, मग आई गेली आहे ही गोष्टच उतरली, त्यामुळे ती सारखी कुठेतरी बाजारात गेलेली असे. इंजिनं मात्र एकही उतरलं नव्हतं. कोणत्या गाडीच्या टायमिंग चेनचा आवाज कसा येतो, हे विचारा आणि जेवणवेळ होईपर्यंत ऐकत बसा.

जीपचं पेट्रोल इंजिन तोवर पार थकलं होतं. ऑइल पीत होतं, चढावर तापत होतं, आणि त्याचे सुटे भाग शोधायला खटक्याला भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागत. तशात त्याला टेकडीच्या माथ्यावरच्या टॉवरवर सामान आणि कामगार पोचवायचं काम मिळालं. "ताई, हा पांढरा हत्ती आता पोसवत नाही," तो म्हणाला. "डिझेल बसवतो. बाकी गाडी लोखंड आहे नुसती, अजून एक जन्म काढेल."

त्याचा मेकॅनिक मित्र होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतलं दुखणं ऐकायचा, म्हणून डॉक्टर. कुठल्याशा उलटलेल्या पिकअपचं चांगलं डिझेल इंजिन त्याने मिळवलं होतं. ते बघायला आम्ही तिघेही गेलो, कारण बाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती.

गॅरेजमध्ये ते इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. बाबा त्याच्याभोवती फिरले, हात फिरवला, बोटं हुंगली. मग डॉक्टरला विचारलं, "ब्रेकच्या बूस्टरला ओढ कुठून देणार? पेट्रोलचं इंजिन स्वतः हवा ओढतं. हे नाही ओढत."

"पंप आहे ना बाबा, अल्टरनेटरच्या पाठीमागे. हा बघा." डॉक्टरने त्यांचा हात धरून पंपावर ठेवला.

"मग ठीक. हे वजनाला जड आहे, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढव. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा." त्या वाक्यावर ते स्वतःच हसले. सकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं की या घरात स्वयंपाक कोण करतं.

डॉक्टर सगळं नीट समजावून सांगत होता. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी प्लेट बसेल. इंजिनाचे पाय कापून नवे वेल्ड होतील. रेडिएटर मोठा लागेल. किल्ली फिरवली म्हणून हे इंजिन बंद होणार नाही, त्यासाठी ओढायची एक नॉब डॅशबोर्डखाली येईल. शेवटी म्हणाला, "आणि आवाज बदलेल हं, आधीच सांगतो. डिझेल म्हटलं की धडधड आलीच."

"आवाजाचं काय लोणचं घालायचंय?" खटक्या म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. प्लेटचं विचारलं, पंपाचं विचारलं, पाट्यांचं विचारलं. तीन शहाणी माणसं आणि एक ड्रायव्हर, पण आवाजापाशी कुणी थांबलं नाही.

काम चाललं तोवर खटक्या गॅरेजमध्येच झोपायचा. बाबांनी विचारलं की मी सांगायची, "मुक्कामी आहे." हा शब्द त्यांना ओळखीचा होता. त्यांचं अर्धं आयुष्य मुक्कामी गेलं होतं. "बरं, जेवून घेऊ मग," म्हणत ते निमूट बसायचे. मला वाटलं, चला, कटकट मिटली.

जीप परत आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम दारात उभी राहिले. वळणावर धडधड ऐकू आली. गाडी चढाला लागली ती न खोकता, न कण्हता, सरळ वर आली. मला कौतुक वाटलं. मागे खिडकीतून बाबा म्हणाले, "कुणाचा तरी ट्रक आलाय. त्याला सांग, मागे घे, फाटक मोडेल."

खटक्या आत आला. हात काळे, चेहरा फुललेला. "बाबा, काय ओढते हो! दुसऱ्यात टाकायचीसुद्धा गरज पडली नाही."

बाबा खुर्चीतून उठले. अंगातला सदरा नीट केला. "या साहेब, बसा. मुलगा येईलच इतक्यात, रस्त्यातच असेल."

खटक्याला वाटलं, थट्टा करताहेत. तो हसला. मग हसू तसंच तोंडावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी आत जाऊन उगाच भांडी हलवली.

त्यानंतर रोज तेच. त्यांच्या डोक्यातला खटक्या विशीतला, काळ्याभोर केसांचा. आमच्या घरात येणारा हा पिकल्या केसांचा माणूस त्यांचा मुलगा कसा असेल? पण आधी ती जीप यायची आणि जीपमधून जो उतरेल तो खटक्या, एवढं गणित त्यांचं शाबूत होतं. आम्ही ते गणित उचलून दुसरं इंजिन बसवलं. जीप डोळ्यांना दिसत होती, तोच रंग, मीच शिवलेलं टप. पण नजर अधू झालेली आणि आयुष्यभर कानाने गाडी ओळखलेली, तर ते टपाकडे कशाला बघतील?

त्यांनी त्याचं नाव ठेवलं डिझेलवाले साहेब. साहेब टॉवरच्या कामावरचे मोठे अधिकारी आहेत आणि मुलाला काहीतरी नोकरी द्यायला आलेत, असं त्यांनी मनाशी धरलं. त्याला चांगली खुर्ची द्यायचे. मला ओरडायचे, "अगं साहेबांना पाणी विचार." आणि मग साहेबांपाशी मुलाची शिफारस करायचे.

"साहेब, त्याचा हात बघा तुम्ही एकदा. चिखलात, चढावर, कुठेही घाला. माझ्यापेक्षा चांगला चालवतो. मी त्याला तसं सांगत नाही, डोक्यात जाईल त्याच्या. पण चालवतो."

खटक्या मान खाली घालून ऐकायचा. बाबांनी त्याला जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा घाटातून गाडी काढून आणली त्या दिवशीही एवढंच म्हणाले होते, "क्लचवर पाय ठेवून चालवतोस, प्लेट जळेल." आणि आता हे सगळं ऐकायला मिळत होतं ते पाहुण्याच्या खुर्चीत बसून.

जेवणाचे मात्र हाल सुरू झाले. साहेब येऊन बसले तरी मुलगा आलेला नसायचा, म्हणून ताट तसंच. शेवटी मी जुनं औषध काढलं. "मुक्कामी आहे, बाबा." ते लगेच जेवले. समोर खटक्या बसला होता.

बाबा झोपल्यावर तो माझ्यावर घसरला. "मी समोर असताना मुक्कामी?"

"मग काय उपाशी मारू त्यांना? पोटात चार घास जातात ना? दगडापेक्षा वीट मऊ."

"तुझं बरं आहे. तुला ओळखतात."

"ओळखतात कसले! जाऊन विचार."

पण तो म्हणत होता ते खरं होतं, आणि का खरं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझं मशीन पायाने चालवायचं, जुनं, खडखड करणारं. ते चालू असेपर्यंत बाबा आतून हाक मारायचे, "ताई, पाणी दे गं." मी मशीन थांबवून पाणी घेऊन गेले, तर पेला हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "आपण कोण? ताई कुठे गेली?" मी परत येऊन मशीनवर बसले आणि कापड नसतानाच पॅडल मारलं. आतून आवाज आला, "ताई, कुणीतरी बाई येऊन गेल्या गं." मशीनला मोटर बसवायची असं माझ्या मनात कितीतरी दिवस होतं. त्या दिवशी तो विचार मी सोडून दिला. गुडघे दुखू देत.

हे मी खटक्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. तो दोन घास खाऊन उठला आणि डॉक्टरकडे गेला.

जुनं इंजिन डॉक्टरने भंगारात टाकलं नव्हतं. त्याचा जीव होईना. गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलं होतं. दोघांनी मिळून लोखंडी अँगलचं एक स्टँड केलं, त्यावर ते इंजिन बोल्टांनी आवळलं, जुना रेडिएटर, बॅटरी, पेट्रोलचा डबा आणि जीपचाच जुना सायलेन्सर जोडला. वळणावर एक रिकामी शेड होती, तिथे नेऊन ठेवलं. मला कळलं ते खटक्याने ताडपत्रीचं माप आणून दिलं तेव्हा.

"डोकं फिरलंय तुझं," मी म्हणाले. "इंजिन तिकडे बोंबलणार आणि माणूस इकडून येणार?"

"डॉक्टर थोडा वेळ रेस देईल, मग बंद करेल. मी फाटकाबाहेरच उभा राहीन. दार आपटेन आणि आत येईन. एवढंच बघायचं असतं त्यांना, ताई. आवाज आला आणि मग मी आलो."

"आणि हे रोज करणार?"

"रोज करीन."

"अरे, जेवतात ना ते. कशाला हा खटाटोप?"

तो ताडपत्रीची घडी घालत होता. म्हणाला, "एकदा तरी 'आलास का रे' म्हणू देत. साहेब साहेब ऐकून घरात पाय टाकवत नाही मला."

मी ताडपत्री शिवून दिली. दुहेरी शिवणीने. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काय होतं?

त्या संध्याकाळी खटक्या लवकर आला. जीप फाटकाबाहेर लावून नॉब ओढून बंद केली आणि भिंतीआड उभा राहिला. दिवेलागण झाली होती. मी मशीनवर बसले होते आणि पाय मुद्दाम हळू चालवत होते, वळणावरचं ऐकू यावं म्हणून. आणि ते आलं. आधी स्टार्टरची ओढ, मग तीच ओळखीची खोकल्याची उबळ, आणि इंजिन वरच्या सुरात गेलं.

खिडकीपाशी मान वर झाली. "आला खटक्या."

किती दिवसांनी ऐकले हे दोन शब्द. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. बाबा उठले, मोरीपाशी गेले, हात धुतले. पंच्याने पुसत परत आले. मी ताट वाढायला घेतलं.

बाबा खोलीच्या मध्यावर थांबले. पंचा हातात तसाच.

"वर का येत नाही?"

"येईल, बाबा. बसा तुम्ही."

"गप्प." त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं. इतके दिवस विझलेला चेहरा एकदम कामावरच्या माणसाचा झाला. "इंजिन फिरतंय, गाडी जागची हलत नाही. बघ, लोडच नाही त्याच्यावर. नुसता रेस करतोय." आणि त्यांनी निकाल दिला. "क्लच गेला. किती वेळा सांगितलं, पाय ठेवून चालवू नकोस. जळाली प्लेट. चढावर अडकलंय पोर."

आणि ते चपला शोधायला लागले. इंजिनाने आम्हाला असा दगा दिला. किंवा त्याने दिला नाही, ते खरं बोललं आणि बाबांनी खरं ऐकलं. ते इंजिन कुठेच जात नव्हतं. ते त्यांना कळायला डोकं शाबूत असायची गरज नव्हती, कान पुरेसे होते.

मी त्यांना धरायला गेले तर माझा हात झटकला. "सोडा बाई, माझा मुलगा अडकलाय." मशीन बंद होतं, म्हणजे मी नव्हतेच तिथे.

ठरल्याप्रमाणे खटक्या त्याच वेळी फाटकातून आत आला. बाहेर जीपचं दार आपटल्याचा आवाजही मी ऐकला. अंगणात दोघे समोरासमोर आले. खटक्याने केस विंचरले होते. दाढी केली होती. तो थांबला आणि वाट बघत राहिला.

बाबांच्या चेहऱ्यावर केवढा आनंद पसरला! त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. क्षणभर मला वाटलं, झालं, जिंकला हा.

"बरं झालं साहेब, देवासारखे आलात," बाबा म्हणाले. "तुमची गाडी आहे ना बाहेर? जरा वळणापर्यंत सोडता का? मुलगा अडकलाय माझा."

खाली वळणावर इंजिन बंद झालं. डॉक्टरने ठरल्या वेळी बंद केलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"बंदही पडली," बाबा म्हणाले. "चला साहेब, लवकर चला."

खटक्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको म्हणून की जा म्हणून, मलाच माहीत नाही. त्याने बाबांना धरून पुढच्या सीटवर बसवलं, त्यांचा पाय उचलून आत घेतला, दार हळू लावलं. मी मागे चढले, मीच शिवलेल्या कव्हरावर. खटक्याने किल्ली अर्धी फिरवून, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझायची वाट बघितली आणि गाडी सुरू केली.

"आवाज मोठा आहे तुमच्या गाडीचा," बाबा म्हणाले. त्यांचा हात सवयीने डॅशबोर्डवरच्या धरायच्या दांड्याकडे गेला आणि नेमका सापडला. तो दांडा त्यांनीच कधीकाळी बसवलेला. "पण गाडी चांगली आहे. माझ्या मुलाकडे अशीच आहे. पेट्रोल."

"हो," खटक्या म्हणाला.

"तुम्ही क्लचवर पाय ठेवत नाही, साहेब. चांगली सवय आहे. त्याला शिकवा जरा."

वळणावर कुणी नव्हतं. शेडचं दार ओढून घेतलेलं होतं. फटीतून डॉक्टरची नुसती सावली दिसली, आमची गाडी बघून तो आतच थांबला होता. जळलेल्या पेट्रोलचा वास मात्र रस्त्यावर पसरला होता. बाबांनी तो घेतला, आणि आणखी घाईला आले.

"इथेच होता. वास येतोय ना तुम्हाला? आत्ता इथेच होता. गाडी ढकलत कुठे नेली का? थांबवा, थांबवा."

खटक्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अंधारत चाललेल्या रस्त्याकडे तोंड करून पूर्ण ताकदीने हाक मारली.

"खटक्याऽऽ!"

लहानपणापासून आम्हाला एक शिकवलेलं. बाबांची हाक आली की असाल तिथून आधी ओ द्यायची, मग बाकीचं. खटक्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला मागून त्याची फक्त मान दिसत होती.

"ओ, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी डोकं आत घेऊन त्याच्या दंडावर हात ठेवला. रागावून नाही, अगदी अजिजीने.

"साहेब, जरा इंजिन बंद करता? आणि बोलू नका थोडा वेळ. तो ओ देईल, तर ऐकू यायला हवं."

खटक्याने डॅशबोर्डखाली हात घातला आणि नॉब ओढली.